धक्का रिकामा करण्याची मोहीम

समुद्रात पोहणं हा माझा छंद नाही, तो माझ्या संसाराचा टेकू आहे, ही साधी गोष्ट आमच्या कौन्सिलला शेवटपर्यंत कळली नाही. रोज सकाळी मी टॉवेल काखेत मारून काहरबेगच्या धक्क्यावर जातो, अटलांटिकच्या बर्फगार पाण्यात दहा-बारा हात मारतो, उरलेला वेळ काठावर कुडकुडत बाकीच्या म्हाताऱ्यांशी हवापाण्याच्या गप्पा मारतो आणि तासाभरानं घरी येतो. तो तास माझ्या बायकोचा, बर्नीचा. मी हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो त्याच संध्याकाळी तिनं बजावलं होतं, "मॅलकी, इतकी वर्षं तुझं लक्ष अख्ख्या शाळेवर वाटलं जायचं. आता ते सगळं एकट्या माझ्यावर आलं तर मी टिकायची नाही. रोज एक तास तू घराबाहेर. कुठं जायचं ते तुझं तू बघ."

मग महामारी आली आणि सरकारनं सत्तरीपुढच्यांना कोशात बसायला सांगितलं. किडा कोशात बसतो त्याला निदान शेवटी पंख तरी फुटतात. मी कोशात बसलो आणि बर्नीचे स्वयंपाकघरातले सगळे डबे मुळाक्षरांप्रमाणे लावून दिले. मोठ्या मनानं, न सांगता. त्यानंतर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि जेव्हा बोलली तेव्हा वाटलं, बोलत नव्हती तेच बरं होतं. उन्हाळ्यात निर्बंध जरा सैल झाले, धक्का उघडला, आणि मी टॉवेल घेऊन निघालो तेव्हा ती दारात उभी राहून हात हलवत होती. लग्नाच्या दिवशीसुद्धा ती मला बघून इतकी खूश नव्हती.

अडचण अशी की सकाळी धक्का आमचा, म्हणजे 'काहरबेग प्रातःस्नान मंडळा'चा असला, तरी दुपारी तो पोरांचा. शाळा बंद, खेळ बंद, सिनेमा बंद. पंधरा-सोळा वर्षांची ती कार्टी जाणार कुठं? ती धक्क्यावर येत. लोळत, एकमेकांना पाण्यात ढकलत, चिप्स खाऊन कागद वाऱ्यावर सोडत, आणि इतकी चिकटून बसत की कुठला पाय कुणाचा हे त्यांच्या आयांनाही सांगता आलं नसतं. गावात हलकल्लोळ माजला. पोस्टासमोर, चर्चच्या बंद दारापाशी, खाटकाच्या दुकानात, जिथं म्हणून चार मोठी माणसं गोळा होत तिथं पोरांच्या गोळा होण्यावर तासन् तास चर्चा चाले.

शेवटी कौन्सिलच्या हॅव्हर्टीबाईंचा मला फोन आला, कारण मी मंडळाचा सचिव.

"मिस्टर टूई, धक्क्यावर यापुढे गर्दी दिसली तर मी फाटकाला कुलूप घालणार. पुढच्या वसंतापर्यंत."

"पण बाई, आम्ही सकाळी जातो. गर्दी दुपारची असते."

"फाटकाला सकाळ-दुपार कळत नाही, मिस्टर टूई."

बर्नीनं सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "पुढच्या वसंतापर्यंत?" ती म्हणाली. "मॅलकी, काहीतरी कर." एरवी ती मला काही करू नकोस असंच सांगत असते, त्यामुळे मला भरूनच आलं.

मंडळाची तातडीची बैठक कॉम्प्युटरवर भरली. पडद्यावर कुणाचं कपाळ, कुणाच्या छताचा दिवा आणि एकाची झोपलेली मांजर अशी उपस्थिती होती. एकानं धक्क्यावर माशांची आतडी पसरा म्हणून सुचवलं. दुसऱ्यानं विचारलं, मग आपण सकाळी कुठं बसायचं? तेव्हा माझा शेजारी पॅकी लाली बोलला. पॅकी तरुणपणी डान्सहॉलमध्ये माईकवर असायचा, त्यामुळे आपण बोललो की लोक ऐकतात अशी त्याची समजूत आहे.

"मॅलकी, तू मास्तर आहेस. जाऊन नुसता खाकर. आपल्या वेळी तू खाकरलास की भिंतीसुद्धा ताठ व्हायच्या."

मला हे पटलं, कारण ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोट घालून धक्क्यावर गेलो, मागे हात बांधले आणि खाकरलो. परिणाम तत्काळ झाला. सगळी पोरं उड्या मारून मागे सरली, दोघं तर कपड्यांसकट पाण्यात गेली.

"मास्तर, तुम्हाला खोकला आहे?" सॉर्खा म्हणाली. ही त्या टोळीची म्होरकी. लाल केस, कमरेवर हात. हिच्या आईला पाढे मी शिकवले.

"खोकला नाही. मी खाकरलो."

"ताप? वास येतोय ना तुम्हाला?"

"मला तुमच्या चिप्सचा वास येतोय, आणि..." इथं वाऱ्यानं मास्क थेट तोंडात गेला आणि मला खराखुरा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"मास्तर, घरी जा," ती फार मायेनं म्हणाली. "आम्ही कुणाला सांगणार नाही."

संध्याकाळच्या आत गावभर झालं. दारात सूपची पातेली येऊन पडायला लागली. लोक पातेलं ठेवायचे, बेल वाजवायचे आणि पळत सुटायचे. डॉक्टरांनी नाकात काडी घातली आणि निकाल येईपर्यंत उंबरठा ओलांडायचा नाही असं सांगितलं. निकाल यायला आठवडा लागला, कारण तो आधी दुसऱ्याच कुणा टूईला कळवण्यात आला, आणि तो बिचारा काही कारण नसताना आनंदित झाला. तो आठवडा मी बर्नीला वर्तमानपत्र पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवलं. मला काहीही झालेलं नाही हे शेवटी फोनवर कळलं तेव्हा तिनं देवाचे आभार मानले, पण दातओठ खाऊन मानले.

मग मी शास्त्रीय मार्ग धरला. मुलं अंतर ठेवत नाहीत याचं कारण त्यांना दोन मीटर म्हणजे किती हे कळत नाही, असं निदान मी केलं. पॅकीच्या बागेतले घेवड्याच्या वेलाचे बांबू घेऊन मी ते बरोबर दोन मीटरचे कापले. त्या मापानं धक्क्यावर पिवळ्या रंगाचे गोल काढायचे, एका गोलात एक पोर, की झालं. पण आमच्या देशात धक्क्यावर गोल काढणं म्हणजे काय गंमत आहे? वरचा दगड जुना म्हणून तो वारसा खात्याचा. भरतीच्या रेषेखालचा भाग सागरी खात्याचा. मधला पट्टा, जो कधी ओला असतो कधी कोरडा, तो कुणाचा यावर दोन्ही खाती माझ्यामार्फत भांडायला लागली. तेवढ्यात गाव सुशोभन समितीच्या बाई घरी आल्या आणि पिवळा रंग 'सुंदर गाव' स्पर्धेच्या परीक्षकांच्या डोळ्यांत खुपेल म्हणाल्या.

"बाई, यंदा स्पर्धा रद्द झाली आहे," मी म्हणालो.

"म्हणून काय आपण गबाळ्यासारखं राहायचं, मास्तर?"

अखेर चुना हा सरकारी व्याख्येप्रमाणे रंगात मोडत नाही असा शोध हॅव्हर्टीबाईंनीच लावला, आणि मी गुडघे टेकून, कंबर धरून, पांढरे गोल काढले. सुंदर गोल होते. फळ्यावर आयुष्य काढलेल्या माणसाचा हात तो. दुपारी पोरं आली, त्यांनी गोल पाहिले, आणि प्रत्येक पोर निमूटपणे एकेका गोलात जाऊन बसलं. माझा ऊर भरून आला. मग एकानं या गोलातून त्या गोलात उडी मारली. मग सगळ्यांनी मारल्या. मग त्याचे नियम ठरले, गुण ठरले, कुणीतरी त्याचं चित्रण करून फोनवर टाकलं, आणि पुढच्या दिवशी पलीकडच्या गावांतली पोरं सायकली हाणत आमचे गोल बघायला आली. आता प्रत्येक गोलात एक पोर होतं आणि फाटकापाशी गोलासाठी रांग होती.

"गर्दी दुप्पट झाली आहे, मिस्टर टूई," हॅव्हर्टीबाई फोनवर म्हणाल्या.

"पण शिस्तीत आहे, बाई."

"शिस्तीतली गर्दीसुद्धा गर्दीच असते. मी एक दिवस न सांगता येणार आहे."

घरी मी हे बर्नीला सांगितलं. ती नुसती उठली आणि डबे परत पहिल्यासारखे लावायला लागली. मला तिच्या पाठीकडे बघवेना.

पॅकी कुंपणावर रेलून म्हणाला, "तू उगाच त्यांना वळण लावायला जातोस. त्यांना पिटाळायचं असतं. आजकालच्या पोरांना आपली गाणी म्हणजे डासांना धूर. माझ्याकडे डान्सहॉलमधलं मशीन आहे, मोठे कर्णे आहेत, कॅसेटा आहेत. वॉल्ट्झ लाव. अर्ध्या तासात धक्का मोकळा."

शनिवारी लावलं, आणि खोटं कशाला सांगू, जादू झाली. पहिल्याच अ‍ॅकॉर्डियनला पोरांची तोंडं आंबट झाली. दुसऱ्या गाण्याला बाहेरगावचे निघाले. चौथ्याला सॉर्खा आणि तिची चार टाळकी सोडली तर धक्क्यावर कुणी नव्हतं. मी घरी जाऊन बर्नीला सांगितलं की मोहीम फत्ते झाली, आणि तिनं मला माझ्या आवडीचा अ‍ॅपल पाय करून घातला. दुसरा तुकडासुद्धा न मागता दिला.

एक गोष्ट आम्ही दोघं शहाणे विसरलो होतो. वारा समुद्रावरून गावाकडे वाहतो. आणि आमच्या गावात साठीपुढचं एकही माणूस असं नाही की जे मार्च महिन्यापासून एका नाचासाठी तडफडत नव्हतं.

रविवारी दुपारी पहिलं गाणं सुरू झालं आणि लोक यायला लागले. नाचायला कुणीच आलं नव्हतं, हे मी मुद्दाम नमूद करतो. आमच्याकडे कुणी तसं कबूल करत नाही. एकजण कुत्र्याला फिरवायला आला होता, त्याच्याकडे कुत्रा नव्हता. एकजण भरती बघायला आला होता. दोन बाया केस सेट करून, ठेवणीतले बूट घालून वारा खायला आल्या होत्या. बघता बघता पुरुष सगळे डाव्या भिंतीला लागून उभे राहिले आणि बायका उजव्या. हॉलमध्ये आम्ही असेच उभे राहायचो. मधली जागा ओलांडून तिकडे जायचं आणि विचारायचं, यासाठी जी छाती लागते ती आमच्यातल्या बहुतेकांना लग्न होऊन नातवंडं झाली तरी आलेली नाही. मी आनंदानं बघत होतो. सरकारनं दोन मीटर मागितले होते, आमच्या पिढीनं वीस मीटर दिले. अशा वेळी हॅव्हर्टीबाई आल्या असत्या तर त्यांनी मला पदक दिलं असतं.

आणि नेमका त्या क्षणी पॅकीच्या हातात माईक आला. जुनी खोड. "पुढचं वॉल्ट्झ, मंडळी," तो घुमवून म्हणाला, "आता निवड बायकांची."

ती उजवी भिंत जी सुटली, ती मी जन्मात विसरणार नाही. गुडघे बदललेल्या बाया पळत होत्या. कुणीतरी ओरडलं, अंतर ठेवा. तेव्हा कुणीतरी माझे बांबू पळवले. प्रत्येक जोडीनं एक बांबू घेतला, एक टोक त्याच्या हातात, दुसरं तिच्या, आणि सगळं गाव त्या दोन मीटरच्या शिस्तीत गरागरा फिरायला लागलं. प्रत्येक जोडीचं अंतर चोख होतं. फक्त एका जोडीचा बांबू दुसऱ्या जोडीच्या बरगडीत होता. पहिल्या फेरीनंतर बांबू मोडले, आणि त्यानंतर बांबूंची कुणाला आठवणही राहिली नाही. त्या घोळक्यात मला हिरवा स्कार्फ दिसला. माझी बर्नी पॅकी लालीबरोबर नाचत होती. हसत होती. मला तिनं निवडलं नव्हतं. मी तिथंच उभा होतो, माईकच्या शेजारी, डोळ्यांत भरेल असा.

"मास्तर, जरा बोलायचं होतं," मागून आवाज आला. सॉर्खा होती, आणि तिच्यामागे तिची चार टाळकी, मास्क लावून, गंभीर.

"काय आहे?"

"हे बरोबर नाही, मास्तर. आमच्या गोलांवर लोक नाचतायत. आवाज केवढा आहे. आणि माझी आजी आहे त्यात. तिच्या हृदयाला झडप बसवली आहे. तिला आम्ही महिनोन् महिने खिडकीतून भेटतोय, तिला काही होऊ नये म्हणून, आणि ती तिथं त्या टकल्या माणसाच्या गळ्यात पडली आहे. आम्ही हाक मारली तर ऐकत नाही."

"मी बघतो," मी म्हणालो.

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, पण आम्ही पोलिसांना फोन केलाय."

फाटकापाशी गाडी थांबलीच. आमच्या गावचा तरणाबांड पोलीस, गार्ड डेव्हिट, आणि त्याच्या शेजारच्या सीटवर हॅव्हर्टीबाई. कुलूप. वसंतापर्यंत. मी पॅकीकडे धावलो.

"बंद कर ते. यांना घरी पाठव."

"बंद केलं तर दुसरं लाव म्हणून गोंधळ घालतील," पॅकी धापा टाकत म्हणाला. "हॉल रिकामा करायचा एकच उपाय असतो. राष्ट्रगीत."

हे मात्र अगदी खरं. आमच्या तरुणपणी प्रत्येक नाचाच्या शेवटी राष्ट्रगीत वाजायचं. ते वाजलं की नाच संपला, सायकली काढा. मी कॅसेट शोधली, घातली, बटण दाबलं. धक्का क्षणात गप्प झाला. जो जिथं होता तिथं ताठ उभा राहिला. कुणाचा हात कुणाच्या कमरेवर होता तो तिथंच राहिला. गार्ड डेव्हिट गाडीतून अर्धा उतरला होता, त्यानं उरलेला भाग घाईघाईनं बाहेर काढला, टोपी सरळ केली आणि सलाम ठोकला. हॅव्हर्टीबाई तोंड उघडलेल्या अवस्थेत निश्चल झाल्या.

राष्ट्रगीत संपलं. लोकांनी श्वास सोडला, गार्डनं पाऊल उचललं, आणि राष्ट्रगीत पुन्हा सुरू झालं. त्या कॅसेटवर दुसरं काही नव्हतंच. रोज कॅसेट मागे गुंडाळत बसायला नको म्हणून डान्सहॉलच्या मालकानं दोन्ही बाजूंना एकापाठोपाठ एक तेवढंच भरून ठेवलं होतं. मशीन बंद करायला पॅकी शेजारीच होता, पण पॅकी छातीवर हात ठेवून उभा होता आणि राष्ट्रगीतात हलणं त्याच्या रक्तात नाही. माझ्याही नाही, मी अख्ख्या शाळेला तेच शिकवलं. भरती चढत होती. उतारावर उभ्या असलेल्यांच्या ठेवणीतल्या बुटांत पाणी शिरलं, तरी कुणी हललं नाही. एकामागून एक राष्ट्रगीत होत राहिलं, आणि कायद्याचा रक्षक, कौन्सिलची प्रतिनिधी आणि कोशात असायला हवा होता तो सगळा गाव खांद्याला खांदा लावून, ओल्या मोज्यांनी, मातृभूमीचा मान राखत राहिला. पोरंही उभी होती. आपापल्या गोलात, मास्क लावून, बरोबर दोन मीटरवर. शेवटी मशीनची बॅटरी संपली.

त्या क्षणाचा कुणीतरी काढलेला फोटो आमच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर आला. पोरांच्या रांगेखाली लिहिलं होतं, 'जबाबदार नवी पिढी'. आमच्याखाली काय लिहिलं होतं ते मी सांगणार नाही.

गार्डनं आम्हाला भिंतीपाशी बसवलं आणि पोरांना पकडल्यावर करतो तेच केलं. एकेकाच्या घरी फोन लावला. माझ्या मुलीचा, उनाचा नंबर त्यानं माझ्याकडूनच घेतला.

"तुमचे वडील इथं आमच्याजवळ आहेत. नाही, ठीक आहेत. हो, आईही आहेत. हो, गाणी तेच लावत होते. घ्या, बोला."

"बाबा," उना म्हणाली, "मी रागावले नाहीये. मला वाईट वाटलंय." हे वाक्य माझं आहे. तिच्या सोळाव्या वर्षी मी ते फार परिणामकारक रीतीनं वापरलं होतं. ते ऐकताना कसं वाटतं हे मला त्या दिवशी समजलं, आणि आजूबाजूला भिंतीवर बसलेले सगळे आपापल्या मुलांना "हो गं", "नाही रे", "पुन्हा नाही करणार" असं खाली मान घालून सांगत होते.

सोमवारी सकाळी फाटकाला कुलूप लागलं. मी टॉवेल घेऊन तिथं उभा होतो. धक्का स्वच्छ होता, शांत होता, एक कागद नाही, एक पोर नाही. मी जे जे करायला निघालो होतो ते ते सगळं झालं होतं. आत फक्त सीगल होते आणि ते गोलात बसले होते. मला रडूच यायचं बाकी होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे घरी जायचं बाकी होतं.

सॉर्खा सायकलवरून चालली होती, मागे तिची टोळी. मला बघून थांबली.

"मास्तर, आम्ही पलीकडच्या खाडीला जातो आता. तिकडं पाणी छान आहे." ती जरा घुटमळली. "तुम्हाला हवं तर या. पण कुणाला सांगू नका हं. म्हाताऱ्या माणसांना कळलं की ती गर्दी करतात."

मी घरी आलो, गॅरेजमधून सायकल काढली, चाकांत हवा भरली. बर्नी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले, हातात चहाचा कप, आणि तोंडावर ते भाव, पुढच्या वसंतापर्यंतचे.

"कुठं निघालास?"

"बाहेर."

"कुणाबरोबर?"

"आहेत ओळखीचे."

"कोण ओळखीचे?"

"तुला नाही माहीत."

तिनं माझ्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं, काखेतल्या टॉवेलकडे बघितलं. तिला कळलं असावं, कारण तिचा चेहरा हळूहळू उजळला. आत जाऊन तिनं रेडिओ लावल्याचा आवाज आला, मग ती परत आली आणि माझ्या स्वेटरचं वरचं बटण लावून दिलं.

"जा," ती म्हणाली. "आणि तासाच्या आत परत आलास तर याद राख."